मेंदूज्वरात नाडी कधी पळते, कधी मंदावते? रक्ताभिसरणाकडे कसं बघायचं?

जांबोटी_सीएचओ

आरोग्य केंद्रावर काम करणाऱ्या सगळ्यांच्या उपयोगाचा प्रश्न आहे. मेंदूज्वराचा संशय आला की आपण मान ताठ आहे का, उलट्या, झटके, शुद्ध एवढं बघतो आणि 108 ला फोन लावतो. नाडी-बीपी चिठ्ठीवर लिहिण्यापुरतंच. पण ते आकडे नीट बघितले तर गोंधळ उडतो. एका पोराची नाडी 180 आणि तळवे बर्फासारखे गार. दुसऱ्या मोठ्या माणसाची नाडी 58 आणि बीपी 170/100. निदान दोघांचंही तेच.

1) आजार मेंदूच्या आवरणाचा, मग हृदय आणि रक्तवाहिन्या त्यात कुठून आल्या?
2) कणकुंबीकडून बेळगावला पोचायला गाडी येण्यापासून धरलं तर दीड तास सहज जातो. तेवढ्या वेळात सलाईन किती आणि कोणतं?
3) "सलाईन जास्त दिलं की मेंदूला सूज येते, हळू सोडा" असं सगळीकडे ऐकायला मिळतं. हे कितपत खरं?

बालरोग_आयसीयू

तुम्ही दिलेले दोन आकडे म्हणजे दोन वेगळ्या वाटा आहेत. आधी त्या सुट्या करू.

पहिली वाट रक्तातून जाते. मेनिंगोकोकस, न्यूमोकोकस हे जंतू बहुतेक वेळा रक्तातूनच मेंदूच्या आवरणापर्यंत पोचतात. म्हणजे आवरणाला सूज येते तेव्हा रक्तातही जंतू असू शकतात. मेनिंगोकोकसच्या बाहेरच्या सालीत एंडोटॉक्सिन असतं. त्याने शरीराची संरक्षण यंत्रणा इतकी खवळते की केशवाहिन्या झिरपायला लागतात आणि रक्तातलं पाणी बाहेरच्या पेशींत उतरतं. बारीक धमन्या सैल पडतात, आणि त्याच वेळी हृदयाच्या स्नायूचा जोरही कमी होतो. टाकी गळते, पाइप रुंद झालेत, पंप दमलाय. नाडी 180 होते ती ही तूट भरून काढायला. मेनिंगोकोकसची काही मुलं मेंदूच्या सुजेने नाही, या शॉकने (रक्ताभिसरण कोलमडल्याने) जातात, आणि त्यातल्या कित्येकांची मान ताठ झालेलीच नसते.

दुसरी वाट कवटीतून जाते. आत दाब वाढला की मेंदूला रक्त पोचेना होतं. मग मेंदू बाहेरचा दाब चढवून रक्त आत ढकलायला बघतो. बीपी वाढतं, ते वाढल्यामुळे नाडी मंदावते, श्वास वेडावाकडा होतो. याला कुशिंग प्रतिक्षेप म्हणतात. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की नाडी साधारण 10ने वाढते. 103 फॅरनहाइट ताप असलेल्या मोठ्या माणसाची नाडी शंभराच्या आसपास हवी. तिथे 58 दिसते आणि माणूस गुंगीत आहे, तर "नाडी चांगली आहे" असं लिहू नका. मेंदू खाली सरकायच्या बेतात आहे असं धरा.

आता हात लावून काय बघायचं. पोराच्या छातीच्या मधल्या हाडावर अंगठा ठेवा आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत दाबून धरा. अंगठा उचलला की तिथे पांढुरका ठसा दिसतो. तो दोन सेकंदांत भरला पाहिजे. तीनच्या वर गेला तर रक्ताभिसरण कमी पडतंय. बोटाच्या टोकावर केलं आणि खोलीत गारठा असेल (जांबोटीत जुलै-ऑगस्टला असतोच), तर निरोगी पोराचंही चार सेकंद येतं, म्हणून छाती. त्यानंतर एक हात पोराच्या पोटावर आणि दुसरा पावलावर ठेवा. पोट तापलेलं आणि पाऊल गार, ही रेघ कुठे बदलते ते बघा. घोट्यावर बदलत असेल ते वेगळं, गुडघ्यापर्यंत गार असेल ते फार वाईट. गार हातपाय, पाय दुखतात म्हणून रडणं आणि कातडीचा पांढरट-संगमरवरी रंग, ही तीन लक्षणं मेनिंगोकोकसमध्ये ताठ मानेच्या काही तास आधी येतात.

पुरळ बघताना आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर फसायला होतं. तळहात, तळपाय, खालच्या पापणीची आतली बाजू आणि तोंडातली टाळू टॉर्चने बघा. काचेचा ग्लास दाबून जांभळा ठिपका जात नसेल, तर तो कातडीतला रक्तस्राव आहे.

मुलांचं बीपी शेवटी पडतं, हे मनात पक्कं ठेवा. एक ते दहा वर्षांच्या मुलाची वरच्या बीपीची खालची मर्यादा 70 अधिक वयाची दुप्पट. तीन वर्षांच्या पोराला 76. त्याच्या खाली गेलं म्हणजे शरीराने हात टेकले. 90 बघून निर्धास्त होऊ नका, पावलं बघा.

जांबोटी_सीएचओ

धन्यवाद सर. सलाईनचं सांगा ना. आणि दोन्ही वाटा एकाच पेशंटमध्ये असल्या तर?

बालरोग_आयसीयू

असतातच. आणि "सलाईन हळू सोडा" हा सल्ला तिथेच घात करतो.

एक हिशोब करू. मेंदूला रक्त ढकलणारा दाब म्हणजे सरासरी बीपी वजा कवटीतला दाब. मोठ्या माणसाचं बीपी 90/50 असेल तर सरासरी येते (90 + 50 + 50) भागिले 3, म्हणजे 63. कवटीतला दाब 30 असेल तर उरले 33. मोठ्या माणसाला किमान 60 लागतात. सूज वाढेल या भीतीने बीपी पडू दिलं तर मेंदू उपाशी मरतो, आणि उपाशी मेंदू आणखी सुजतो. म्हणून शॉक असेल तर आधी शॉक सुधारायचा. सूज वाढवणारं सलाईन वेगळंच असतं: 5 टक्के डेक्स्ट्रोज किंवा पातळ मिठाचं. त्यातलं पाणी सरळ मेंदूत शिरतं. नॉर्मल सलाईनबद्दल ती भीती नको.

पण मनाला येईल तितकं ओतायचंही नाही. 2011 साली युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या तीन हजारांवर तापाच्या मुलांवर झालेल्या फीस्ट चाचणीत, बोलस (थोड्या वेळात भराभर सोडलेलं सलाईन) दिलेली मुलं जास्त दगावली. तिथे व्हेंटिलेटर नव्हते. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यातली परिस्थिती त्याच्या जवळची आहे. आयसीयू हाताशी नसेल आणि बीपी टिकून असेल तर बोलस नको, रोजच्या गरजेइतकं नॉर्मल सलाईन चालू ठेवा. बीपी मर्यादेखाली असेल तर किलोला 10 मिली, पुन्हा तपासणी, लागलंच तर आणखी 10. आयसीयूशिवाय पहिल्या तासात किलोला 40 मिलीच्या पुढे जायचं नाही.

12 किलोच्या पोराला 10 मिलीच्या हिशोबाने 120 मिली होतात. साध्या ड्रिप सेटमध्ये 20 थेंबांचा एक मिली. 20 मिनिटांत 120 मिली द्यायचे तर मिनिटाला 120 थेंब, ते कुणाला मोजता येतात? थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) लावून 50 मिलीच्या सिरिंजने ढकला. दोन भरलेल्या सिरिंजा आणि तिसरीतले 20 मिली झाले की थांबायचं.

थांबून काय बघायचं? बोलसच्या आधी उजव्या बरगडीखाली यकृताची कडा चाचपून पेनाने रेघ मारून ठेवा. बोलसनंतर कडा रेघेच्या खाली उतरली, श्वास वाढला, छातीत बारीक कुरकुर ऐकू आली किंवा ऑक्सिजनचा आकडा घसरला, तर दमलेल्या हृदयाला ते पाणी पेलत नाही. आणखी सलाईन दिलंत तर फुफ्फुसात उतरेल. तिथून पुढे ॲड्रिनलिनचं काम, डॉक्टर आणि मॉनिटर असलेल्या ठिकाणी.

साखर तपासायला विसरू नका. मेनिंगोकोकसमध्ये मूत्रपिंडावरच्या दोन्ही ॲड्रिनल ग्रंथींत रक्तस्राव होऊ शकतो. वॉटरहाऊस आणि फ्रीडरिक्सेन या दोन डॉक्टरांनी 1911 आणि 1918 साली तो लिहून ठेवला, म्हणून त्याला त्यांचं नाव. मग बीपीही धरत नाही आणि साखरही पडते. 54 च्या खाली असेल तर 10 टक्के डेक्स्ट्रोज किलोला 5 मिली. केंद्रावर 25 टक्केच असेल तर किलोला 2 मिली, सावकाश, चांगल्या शिरेतून.

वॉर्ड_फार्मसी_चिकोडी

वरचं सगळं बरोबर. यात एक भर घालतो. बीपी पडण्याचं किंवा नाडी बिघडण्याचं कारण कधीकधी आजार नसतो, आपला हात असतो.

सेफट्रायॅक्सोन (मेंदूज्वरात देतो ते अँटिबायोटिक) आणि रिंगर लॅक्टेट (आरएल) हे सलाईन. आरएलमध्ये कॅल्शियम असतं. त्याच नळीतून सेफट्रायॅक्सोन गेलं की दोन्ही मिळून खडे धरतात, नळी दुधाळ दिसायला लागते. नवजात बाळांत हे खडे फुफ्फुसात आणि मूत्रपिंडात अडकून मृत्यू झालेले आहेत. 28 दिवसांच्या आतल्या बाळाला कॅल्शियमचं सलाईन चालू असेल तर सेफट्रायॅक्सोन नकोच, सेफोटॅक्झिम घ्या. मोठ्यांना देताना आरएल बंद करून नळी नॉर्मल सलाईनने धुऊन मग द्या.

शीर मिळत नसेल तर पहिला डोस मांडीत. मेंदूज्वराचा डोस किलोला 100 मिग्रॅ, म्हणजे 12 किलोला 1.2 ग्रॅम. तो दोन्ही मांड्यांत विभागून. दुखू नये म्हणून 1 टक्का लिग्नोकेनमध्ये विरघळवतात ते ठीक, पण तीच सिरिंज नंतर शीर मिळाली म्हणून शिरेत दिली तर हृदयाची लय बिघडू शकते. लिग्नोकेन घातलेल्या सिरिंजवर चिकटपट्टी लावून "फक्त मांडीत" लिहा. शिवाय शॉकमधल्या पोराच्या स्नायूत रक्तच कमी जातं, म्हणून शीर किंवा हाडातली सुई मिळाली तर तीच बरी.

झटके थांबवायला फेनिटोइन. किलोला 20 मिग्रॅ, पण मिनिटाला किलोमागे 1 मिग्रॅपेक्षा वेगाने नाही, आणि मोठ्यांत मिनिटाला 50 मिग्रॅच्या वर नाही. म्हणजे पूर्ण डोसला 20 मिनिटं लागणारच. घाईत पाच मिनिटांत ढकललं की बीपी कोसळतं, नाडी मंदावते, आणि सगळे म्हणतात मेंदूचा दाब वाढला. डेक्स्ट्रोजमध्ये मिसळलं तर साका बसतो. फक्त नॉर्मल सलाईन.

व्हॅन्कोमायसिन तासाभराच्या आत संपवलं तर मान-चेहरा लाल होतो आणि बीपी उतरतं. ती ॲलर्जी नव्हे, वेगाचा दोष.

मेंदूचा दाब उतरवायला मॅनिटॉल देतात, त्याने भरपूर लघवी होते. शॉकमधल्या पेशंटला दिलं तर उरलंसुरलं रक्ताचं पाणीही निघून जातं. बीपी नीट असेल तेव्हाच. 20 टक्क्यांचं किलोला अडीच मिली म्हणजे अर्धा ग्रॅम, 15 ते 20 मिनिटांत. थंडीत बाटलीत काचेसारखे खडे दिसतात. बाटली कोमट पाण्यात धरून खडे विरघळवा, निववा, आणि फिल्टरचा सेट लावा. बीपी पडलेलं असेल आणि मेंदूचा दाबही वाढलेला असेल तर 3 टक्के सलाईन जास्त सोयीचं, किलोला 3 ते 5 मिली. ते दोन्हीकडे उपयोगी पडतं.

फिजिशियन_निपाणी

मोठ्या माणसांबद्दल थोडं.

पन्नाशीचा माणूस, दोन दिवस ताप, डोकं फुटेल इतकं दुखतंय, आता बडबडतोय. ईसीजी काढला तर टी लहरी खोल उलट्या, एसटी खाली. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं. इथे "अटॅक" म्हणून ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, हेपरिन सुरू होतं, आणि मेंदूज्वराचं निदान दुसऱ्या दिवशीवर जातं. मेंदूवर ताण आला की ॲड्रिनलिनसारख्या रसायनांचा लोंढा येतो, त्याने हृदयाचा स्नायू काही दिवस सुन्न पडतो. इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) डाव्या कप्प्याचं टोक फुगलेलं आणि हलत नाही, असं चित्र दिसू शकतं. कोरोनरी धमन्या मोकळ्या असतात. सेप्सिसमध्येही (जंतू रक्तात पसरून अवयव बिघडतात तेव्हा) ट्रोपोनिन चढतं. रक्त पातळ करणारी औषधं अशा वेळी मेंदूत रक्तस्राव घडवू शकतात, पाठीतलं पाणी काढणंही अडतं. ताप, डोकेदुखी आणि बदललेली शुद्ध एकत्र असेल तर ईसीजीवरून घाईने अटॅक ठरवू नका, इको होऊ द्या. अँटिबायोटिक मात्र कशासाठीही थांबवायचं नाही, पाठीतल्या पाण्यासाठीही नाही. मोठ्यांना सेफट्रायॅक्सोन 2 ग्रॅम दर 12 तासांनी. डेक्सामेथासोन (सूज कमी करणारं स्टेरॉइड) 10 मिग्रॅ दर 6 तासांनी, ते पहिल्या डोसच्या आधी किंवा बरोबर.

त्याच ईसीजीत क्यूटी (ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ) लांबलेलं असेल तर उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉन, वर ॲझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन, असा थर चढवू नका. पोटॅशियम 4 च्या आसपास राहू द्या.

न्यूमोकोकसचा मेंदूज्वर आणि त्यातच न्यूमोनिया असेल तर स्टेथोस्कोप छातीवर रोज ठेवा. कालपर्यंत नसलेला मर्मर (ठोक्यांमधला फुसफुस आवाज) आज ऐकू आला तर झडपेवर जंतू बसलेत. न्यूमोनिया, मेंदूज्वर आणि एंडोकार्डायटिस (हा झडपेवरचा संसर्ग) या तिकडीला ऑस्ट्रियन सिंड्रोम म्हणतात (देशाचा संबंध नाही, रॉबर्ट ऑस्ट्रियन या डॉक्टरांचं आडनाव, लेख 1957 चा). बहुधा महाधमनीची झडप जाते, आणि ती काही दिवसांत फाटते. अचानक दम लागून फुफ्फुसात पाणी भरलं तर सलाईनला दोष देण्याआधी इको करा. दारू जास्त पिणारे आणि प्लीहा काढलेले यांच्यात धोका अधिक. उलट दिशाही लक्षात असू द्या: झडपेवर स्टॅफिलोकोकस बसलेला असेल तर तिथून गुठळ्या मेंदूत जातात आणि मेंदूज्वरासारखंच दिसतं. म्हणून अँटिबायोटिकआधी जमल्यास रक्ताचे दोन कल्चर.

आता टीबीचा मेंदूज्वर. तो आठवड्यांनी येतो आणि त्यात बीपी सहसा पडत नाही. त्याचा रोख मेंदूच्या तळाच्या धमन्यांवर. तळाला चिकट पू साचतो, त्यात धमन्या आवळतात आणि अर्धांग येतं. उपचार चालू असतानाही येऊ शकतं, ते औषध लागू पडलं नाही असं नव्हे. सोडियम पडतं तेव्हा सरसकट पाणी तोडू नका. लघवीवाटे मीठ वाहून जात असेल तर पेशंट आधीच कोरडा असतो, पाणी तोडलं की धमन्यांतला प्रवाह आणखी घटतो. लघवी किती होते आणि वजन किती उतरलं ते बघून ठरवा.

आणि एक गोष्ट जी हमखास निसटते. संधिवाताच्या तापाने झडप खराब होऊन धातूची झडप बसवलेल्या माणसाला टीबी मेंदूज्वर झाला, तर रिफाम्पिसिन सुरू होतं. रिफाम्पिसिन यकृताला वॉरफरिन (झडपेसाठी चालू असलेलं रक्त पातळ करणारं औषध) भराभर मोडायला लावतं, आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) खाली येतो, झडपेवर गुठळी धरते. वॉरफरिनचा डोस दुप्पट ते पाचपट लागू शकतो. आठवड्यातून एकदा तरी आयएनआर. टीबीचं औषध 9 ते 12 महिन्यांनी संपलं की उलट होतं: दोन-तीन आठवड्यांत आयएनआर वर जातो आणि रक्तस्राव. टीबीची फाइल एकीकडे आणि हार्टची दुसरीकडे असते, त्यामुळे हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. पेशंटच्या गोळ्यांच्या डबीवर लिहा.

रानवाट_खानापूर

खानापूरच्या पश्चिम भागापुरतं एक जोडतो. सेफट्रायॅक्सोनने दोन दिवसांत उतार नाही, बीपी पडतंय, प्लेटलेट कमी, यकृताचे आकडे वाढलेत, असं असेल तर कपडे काढून कंबर, जांघ, काख, कानामागे बघा. सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा खपलीचा डाग म्हणजे स्क्रब टायफस. तोही मेंदूचं आवरण, हृदयाचा स्नायू आणि रक्तवाहिन्या तिन्ही धरतो, आणि सेफट्रायॅक्सोन त्यावर चालत नाही. डॉक्सीसायक्लिन लागतं, मोठ्यांना 100 मिग्रॅ दोन वेळा. डाग नसला म्हणून तो नाही असं नव्हे.

आणि काजूच्या हंगामात चोर्ला उतरून सत्तरीकडे किंवा पुढे दोडामार्गला कामाला गेलेला माणूस ताप घेऊन आला तर माकडताप मनात ठेवा. त्यात ताप असून नाडी मंद असते, बीपी कमी असतं. आठवड्या-दोन आठवड्यांनी दुसरा ताप येतो आणि त्यात मान ताठ, कंप, बडबड. नाडी मंद दिसली म्हणून लगेच मॅनिटॉल नको. मेंदूचा दाब वाढला की बीपी वर जातं, इथे खाली असतं. फरक तिथे.

जांबोटी_सीएचओ

हा फरक फार कामाचा. आणखी एक विचारते: सुधारलेलं पोर पाच-सहा दिवसांनी पुन्हा तापलं आणि छाती दुखते म्हणतं, तर औषध बदलायचं का?

बालरोग_आयसीयू

बदलण्याआधी इको. मेनिंगोकोकसमध्ये चौथ्या-पाचव्या दिवसानंतर हृदयाच्या आवरणाला सूज येऊन पाणी साचू शकतं. त्यात बहुधा जंतू नसतात. शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं आणि जंतूंचे तुकडे मिळून तिथे साचतात. कधी गुडघाही सुजतो. दाह कमी करणाऱ्या औषधांनी ते बसतं. पोर आडवं झालं की दम लागतो आणि पुढे वाकून बसलं की बरं वाटतं, मानेच्या शिरा फुगल्यात, श्वास आत घेताना नाडी बारीक होते, हे दिसलं तर पाणी हृदयाला दाबतंय. त्याच दिवशी सुईने काढावं लागतं. मॅनिटॉल आणि फ्युरोसेमाइड ही लघवी वाढवणारी औषधं त्या वेळी अजिबात नको, हृदय भरणं आणखी कमी होईल.

बोटं काळी पडलेल्या मुलांबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. बारीक वाहिन्यांत गुठळ्या होऊन बोटं जांभळी-काळी होतात. त्या हातावर बीपीचा पट्टा तासन्‌तास बांधून ठेवू नका, मनगटाच्या धमनीतून रक्त काढू नका, गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका. संवेदना नसते, कातडी भाजते. काळं आणि जिवंत यांच्यातली रेघ आठवड्यांनी स्पष्ट होते, तोवर कापायची घाई नको.

वॉर्ड_फार्मसी_चिकोडी

घरच्यांच्या गोळ्यांचंही इथेच सांगून टाकतो. हा प्रतिबंधक डोस मेनिंगोकोकससाठी, न्यूमोकोकसला किंवा टीबी मेंदूज्वराला नाही. मोठ्यांना सिप्रोफ्लॉक्सासिन 500 मिग्रॅ एकदाच, गरोदर बाईला सेफट्रायॅक्सोन 250 मिग्रॅ एकदाच स्नायूत. घरात वॉरफरिनवर असलेलं कुणी असेल तर सिप्रोने आयएनआर वाढतो, रिफाम्पिसिनने उतरतो. आधी विचारून घ्या.

फिजिशियन_निपाणी

चिठ्ठीबद्दल शेवटचं. निपाणीकडचा पेशंट कोल्हापूरला जातो, खानापूरचा बेळगावला, आणि चिठ्ठी कधी कन्नडमध्ये, कधी मराठीत. आकडे मात्र सगळ्यांना वाचता येतात. ताप, नाडी, बीपी, छातीवरचा ठसा भरायला लागलेले सेकंद, साखर, दिलेलं सलाईन मिलीत, सेफट्रायॅक्सोनचा डोस, आणि प्रत्येकापुढे घड्याळातली वेळ. "बोलस दिला" एवढंच लिहिलं तर पुढचा माणूस पुन्हा देतो.